न उतरणारा रक्तदाब

रिसोड तालुक्यांतील केनवडहून एका भगिनींचें पत्र आलें आहे. घर एकत्र, माणसें चौदा, आणि सध्यांच्या कलहाचें मूळ लोणच्याची बरणी! सासूबाई रक्तदाबाच्या तीन प्रकारच्या गोळ्या नेमानें घेतात, तरी दाब १७०-१०० च्या खालीं येत नाहीं. तेव्हां त्या चोरून लोणचें खात असल्या पाहिजेत, असा निवाडा होऊन बरणीस कुलूप लागलें आहे. सासूबाई शपथेवर नाहीं म्हणतात. पण कोणाचा विश्वास बसत नाहीं. पत्राखालच्या ताज्या कलमांत भगिनी सहज लिहितात कीं, माडीचा जिना चढतांना सासूबाईंच्या मांड्या गळून जातात, पोटऱ्यांत गोळे येतात आणि रात्रीं तीनचार वेळां लघवीस उठावें लागतें. आमच्या मतें सर्व पत्राचें मर्म या ताज्या कलमांत आहे.

मिठास आम्ही निर्दोष ठरवीत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी मीठ सांगितलें आहे. म्हणजे चहाचा एक चमचाही पुरा नव्हे. लोणचें, पापड, सांडगे यांनीं ही मर्यादा केव्हांच ओलांडली जाते. (पापडखार हाही सोडियमचाच क्षार, हें पुष्कळ गृहिणींच्या ध्यानांत नसतें.) परंतु खाल्लेलें मीठ शरीरांत किती राहावयाचें, हें केवळ जिभेवर अवलंबून नाहीं.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथि असते. तिला अधिवृक्क ग्रंथि म्हणतात. तिच्यांतून जे अंतःस्राव, म्हणजे हॉर्मोन, रक्तांत मिसळतात, त्यांपैकीं अल्डोस्टेरोन हा मीठ राखून ठेवण्याचें काम करतो. शरीरांत मीठपाणी कमी पडलें कीं मूत्रपिंडें रेनिन नांवाचें द्रव्य सोडतात. तो निरोप पोंचला कीं अल्डोस्टेरोन सुटतो, आणि गरज भागली कीं निरोप थांबतो. कांहीं माणसांत मात्र ही ग्रंथि निरोपाची वाटच पाहत नाहीं. घरांत धान्य मावत नसतांही कोठी भरीत सुटलेल्या कारभाऱ्यासारखी तिची गत होते. मीठ सांचतें, त्याबरोबर पाणी सांचतें, दाब चढतो. आणि सोडियम राखण्याच्या मोबदल्यांत पोटॅशियम लघवीवाटे जातें. पोटॅशियम फार घटलें कीं मांड्या गळतात, गोळे येतात. मात्र या विकाराच्या बहुसंख्य रोग्यांत तें घटलेलें आढळत नाहीं. म्हणून तेवढ्यावरून कोणी निश्चिंत होऊं नये.

अल्डोस्टेरोन हा १९५३ सालीं लंडनमध्यें सिल्व्हिया सिंप्सन व जेम्स टेट यांनीं स्विस सहकाऱ्यांसह शुद्ध स्वरूपांत वेगळा केला. लगेच १९५५ सालीं अमेरिकेंतील डॉ. जेरोम कॉन यांनीं या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांची रोगी ३४ वर्षांची एक स्त्री होती. तिच्याही तक्रारी स्नायूंची दुर्बलता, गोळे आणि चढलेला दाब ह्याच. ग्रंथीवरील गांठ काढतांच ती बरी झाली. त्यापूर्वीं, १९४९ सालीं, आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें मांडून जगाचें लक्ष वेधलें होतें. रक्तदाबाच्या औषधांत तेव्हांपासून मोठी भर पडली. पण कारण ग्रंथींत असल्यास नुसतीं औषधें वाढवून काम भागत नाहीं. तीन औषधांनीं न उतरणाऱ्या रक्तदाबाच्या रोग्यांत सुमारें पांचांतील एकाच्या मागें अल्डोस्टेरोन असतो. एंडोक्राइन सोसायटीनें तर २०२५ सालीं रक्तदाब असणाऱ्या सर्वांचीच ही तपासणी करावी असें सुचविलें आहे.

आतां केनवडच्या भगिनींनीं काय करावें? प्रथम घरचेंच पाहावें. दाब मोजण्यापूर्वीं सासूबाई पांच मिनिटें स्वस्थ बसतात काय? दंडाचा पट्टा लहान तर नाहीं ना? गुडघ्यांसाठीं वेदनाशामक गोळ्या चालूं आहेत काय? रात्रीं मोठ्यानें घोरून मध्येंच श्वास अडतो काय? आणखी एक, ज्येष्ठमध. खोकल्यासाठीं त्याचा काढा आपण निःशंकपणें देतों. पण तो रोज व बरेच दिवस घेतल्यास शरीरांत अल्डोस्टेरोन वाढल्यासारखाच परिणाम होऊन दाब चढतो आणि पोटॅशियम घटतें. घरांत तो चालूं असेल तर आजच बंद करावा.

मग डॉक्टरांकडे अल्डोस्टेरोन, रेनिन व पोटॅशियम हीं तिन्ही रक्तांत पाहण्याविषयीं स्पष्ट विचारावें. वाशीम वा अकोल्यास जावें लागलें तरी ती खेप वायां जाणार नाहीं. चालूं गोळ्यांपैकीं कांहींनीं आंकडे बदलतात, आणि लघवी वाढविणाऱ्या गोळीनेंही पोटॅशियम घटतें. तेव्हां सर्व गोळ्यांची यादी बरोबर न्यावी, पण आपल्या मनानें एकही गोळी थांबवूं नये. दोष एकाच ग्रंथींत असल्यास ती दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनें काढतां येते. दोहींत असल्यास स्पायरोनोलॅक्टोनसारखें अल्डोस्टेरोनचा मार्ग अडविणारें औषध देतात. त्यानें पोटॅशियम उलट वाढूं शकतें, म्हणून रक्त पुन्हां पुन्हां तपासावें लागतें. कॉर्टिसोल, थायरॉइड हे दुसरे अंतःस्रावही क्वचित् कारण असतात. त्यांविषयीं पुढें केव्हांतरी लिहूं.

तोंवर सासूबाईंच्या पानांत लोणचें नसावें, परंतु फडताळाची किल्ली त्यांची त्यांस परत द्यावी, असें आमचें घरांतील वडीलधाऱ्यांस सांगणें आहे. तपासणीचा कागद हातीं आल्यावर पोटॅशियमचा आंकडा भगिनींनीं आम्हांस अवश्य कळवावा.