बंबाचे वय आणि खान्देशातला उन्हाळा

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. जहाजात दारूगोळा होता आणि कापसाच्या गाठीही. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जवान त्यात कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. खान्देशात हाच आठवडा लागोपाठ दोन वर्षे जीवघेणा ठरला. 18 एप्रिल 2023 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात निजामपूर-जैताण्याजवळ, केकवर लावायच्या मेणबत्त्यांच्या कारखान्याला आग लागून चार महिला मृत्युमुखी पडल्या. पुढच्याच वर्षी 17 एप्रिलला जळगावच्या एमआयडीसीत मोरया ग्लोबल या रासायनिक कंपनीत भडका उडाला. वीसहून अधिक कामगार होरपळले, त्यातल्या काहींचा जीव गेला. त्याआधी 31 ऑगस्ट 2019 रोजी शिरपूरजवळ वाघाडीच्या रसायन कारखान्यातील स्फोटाने किमान 12 जणांचा बळी घेतला होता.

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर चौकशी कारखान्याची होते, आणि ती व्हायलाच हवी. पण आग विझवायला निघालेल्या बंबाची चौकशी सहसा कोणी करत नाही. तो किती जुना आहे, त्याचा पंप पूर्ण दाब देतो का, त्याच्या टाकीला गंज किती लागला आहे, हे प्रश्न महापालिकेच्या सभेत एरवी क्वचितच येतात.

केंद्र सरकारने हा प्रश्न एका तारखेने ऐरणीवर आणला. जानेवारी 2023च्या अधिसूचनेनुसार 1 एप्रिल 2023पासून 15 वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द झाली आणि ती भंगारात काढणे बंधनकारक झाले. नियमात महापालिका आणि नगरपालिकांचाही समावेश आहे. सवलत मिळाली ती संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या विशेष वाहनांना. अग्निशमनाचा उल्लेख तिथे नाही. साहेबांची मोटार आणि आगीचा बंब एकाच मापाने मोजले गेले.

हे माप बंबाला नीट लागू पडत नाही, हे मान्य करायला हवे. बंब रोज शेकडो किलोमीटर धावत नाही, त्यामुळे मीटरवरचा आकडा लहान दिसतो. पण आगीच्या ठिकाणी तो उभा असतो तेव्हाही इंजिन तासन् तास चालू असते, कारण पंप त्याच इंजिनावर फिरतो. शिवाय टाकी कायम भरलेली ठेवावी लागते. चार-पाच टन पाण्याचे ओझे रात्रंदिवस स्प्रिंगच्या पाट्यांवर असते. सुस्थितीतला 16 वर्षांचा बंब असू शकतो, तसा 10 वर्षांतच खिळखिळा झालेलाही. अमेरिकेतील एनएफपीए ही संस्था 15 वर्षांनंतर बंब राखीव ठेवावा आणि 25 वर्षांनंतर निवृत्त करावा, असे सुचवते. आपल्याकडे ही मधली पायरीच नाही. कालपर्यंत पहिल्या फेरीत जाणारी गाडी एका दिवसात रस्त्यावर आणण्याच्याही लायकीची उरत नाही.

तरीही महापालिकांना या नियमाआड लपता येणार नाही. बंब 15 वर्षांचा कधी होणार, हे त्याची नोंदणी होते त्याच दिवशी कळलेले असते. ही अचानक कोसळणारी आपत्ती नव्हे. दरवर्षी बंबाच्या किमतीचा पंधरावा हिस्सा वेगळा काढून ठेवला, तर पंधराव्या वर्षी कोणाच्या दारात हात पसरायची वेळ येत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006चा आहे. त्यात इमारतींवर अग्निशमन सेवा शुल्क आकारण्याची तरतूद आहे. ही रक्कम सर्वसाधारण तिजोरीत मिसळून पगार आणि बिलांत जिरू नये. तिचे स्वतंत्र खाते असावे आणि त्यातून फक्त बंब, होज, फोम आणि माणसे यांवर खर्च व्हावा. अग्निशमन सेवा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांत नोंदलेली आहे. ती ऐच्छिक हौस नाही.

जळगावची अडचण खरी होती. हुडको या सरकारी वित्तसंस्थेच्या कर्जापायी पालिकेची खाती गोठण्यापर्यंत वेळ आली होती, तेव्हा नवा बंब कुठून येणार? पण कर्जफेडीची तडजोड होऊनही आता काही वर्षे लोटली. 2023मध्ये जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिकांच्या सभागृहांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला, तेव्हा तर सभेतल्या कुरघोडीचेही कारण उरले नव्हते.

स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा निकष असा: तीन लाख लोकसंख्येपर्यंत दर 50 हजारांमागे एक पंप, त्यापुढे दर लाखामागे एक. 2011च्या जनगणनेत जळगाव 4 लाख 60 हजारांचे होते आणि धुळे पावणेचार लाखांचे. म्हणजे तेव्हाच जळगावला सात-आठ आणि धुळ्याला सहा-सात चालू गाड्या हव्या होत्या, आणि त्या चालवणारी प्रशिक्षित माणसेही. शहरे त्यानंतर वाढतच गेली आहेत.

मात्र जुना गेला म्हणून तसाच नवा आणणे हा धडधडीत अपव्यय ठरेल. इथे जळते काय, हे आधी पाहायला हवे. जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया आणि पाइपचे कारखाने व डाळमिल आहेत. दोन्ही जिल्ह्यांत जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग असतात. प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो, तिथे श्वसनयंत्रे लागतात. कापसाची गाठ वरून विझलेली दिसली तरी आत धुमसत राहते. महामार्गावरून जाणाऱ्या इंधनाच्या टँकरसाठी फोम हवा, नुसते पाणी उपयोगाचे नाही. धुळ्यात ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने 1819नंतर आखलेले जुने शहर आहे. त्याच्या क्रमांकाच्या गल्ल्या तेव्हा ऐसपैस असतील, आज हातगाड्या आणि दुचाकींमधून मोठा बंब वळवणे चालकाची परीक्षा ठरते. तिथे लहान गाडी आधी पोहोचेल. जळगावात तर पालिकेचीच सतरा मजली इमारत उभी आहे, तिच्यासाठी उंच शिडी लागेल. रेल्वेमार्ग शहराचे दोन भाग करतो हेही विसरू नये. शिवाजीनगरचा ब्रिटिशकालीन पूल 2019मध्ये पाडल्यावर नवा होईपर्यंत पलीकडच्या वस्तीला वळसा घ्यावा लागत होता. एकाच केंद्रात सगळे बंब उभे करून भागत नाही, ते त्या काळात दिसायला हवे होते.

आणि पाणी? साडेचार हजार लिटरची टाकी, एका होजमधून मिनिटाला चारशे-पाचशे लिटर, म्हणजे दहा मिनिटांचा खेळ. दोन होज लावले की पाच. धुळ्यात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते, तिथे बंब भरून परत आणायला जागोजागी राखीव हौद लागतील. त्यांचा खर्च बंबाच्या मानाने थोडा आहे, पण निविदेत त्यांचे नाव सहसा नसते.

नवा बंब दुकानातून उचलून आणता येत नाही. आधी चेसिस घ्यायची, मग त्यावर टाकी, पंप आणि बॉडी बांधून घ्यायची, मग चाचणी, मग पासिंग. यात महिने जातात. खान्देशात दसऱ्यानंतर जिनिंगच्या आवारात कापूस येऊ लागतो आणि फेब्रुवारीनंतर पारा चढत चढत पंचेचाळिशीकडे जातो. गाडी दसऱ्याआधी दारात हवी असेल, तर तरतूद मार्चच्या अंदाजपत्रकात आणि निविदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघायला हवी. जुन्या गाडीची नोंदणी संपण्याच्या किमान दीड वर्ष आधी ही सुरुवात झाली पाहिजे, आणि नवा बंब केंद्रात उभा राहिल्याशिवाय जुना हलवू नये.