विळीवरचं प्राणिशास्त्र

मासा कापून त्याचा अभ्यास करायचा म्हटलं की कुणी नाक मुरडतं, तर कुणाला कॉलेजच्या प्रयोगशाळेतला फॉर्मॅलिनचा वास आठवतो. ज्यांनी प्राणिशास्त्र घेतलं होतं त्यांच्यातल्या बहुतेकांच्या ट्रेमध्ये मुशी असायची, म्हणजे कूर्चेचा सांगाडा असलेला मासा. आपण खातो तो काट्यांचा मासा मात्र स्वयंपाकघरातच राहिला.

पुढे २०११ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ही डिसेक्शन्स टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितली आणि २०१४ मध्ये ती पूर्णच थांबवायला सांगितलं. मला तो निर्णय पटतो. परीक्षेच्या दहा मार्कांसाठी जीव मारायची काहीच गरज नव्हती. पण प्रयोगशाळेतला ट्रे गेला म्हणून हाताने शिकणंच संपावं, हे काही पटत नाही. खाण्यासाठी आणलेला बांगडा अभ्यासक्रमासाठी मारलेला नसतो. तो तसाही विळीवर जाणारच आहे. मग जाताना पाच मिनिटं त्याच्याकडे बघितलं तर काय बिघडलं?

आणि बघण्यासारखं किती आहे! गालावरचं झाकण उचला. आत लालभडक कल्ले दिसतील. मुशीला हे झाकण नसतं, तिच्या कल्ल्यांच्या फटी उघड्याच असतात. बांगड्याचं तोंड नीट उघडलं तर कल्ल्यांच्या आतल्या कडेला पिसांसारखी लांब गाळणी दिसते. पाण्यातले बारीक जीव तो तिनेच गाळून खातो. सुरमईत ही गाळणी जवळजवळ नाहीच, त्याऐवजी जबड्यात धारदार दात. कोण काय खातं हे कुणी न सांगताच कळतं.

आता कात्रीने गुदद्वारापासून गळ्याकडे, टोक आत न खुपसता, वरवर कापत जा. गळ्याशी, कल्ल्यांच्या खाली, इवलंसं हृदय असतं. त्याचे मुख्य कप्पे दोनच, कारण त्याला रक्त फक्त कल्ल्यांकडे ढकलायचं असतं. मग यकृत, आतडी आणि नशीब असेल तर गाभोळी. रोहू असेल तर गंमत अशी की त्याला जठरच नसतं, आणि आतडं मात्र शरीराच्या कितीतरी पट लांब, गुंडाळून ठेवलेलं. वनस्पती पचवायच्या तर एवढं लागतंच. त्याच्या वर दोन कप्प्यांची हवेची पिशवी. तिच्यामुळे मासा पाण्यात हवा तिथे तरंगत राहतो.

शेवटी पाठीच्या कण्याला चिकटलेली ती काळपट लाल पट्टी. आपल्या आया-आज्या 'रक्त' म्हणून ती नखाने खरवडून धुवून टाकतात. ते साठलेलं रक्त नव्हे, मूत्रपिंड!

माझा खरा मुद्दा इथेच आहे. मासे साफ करणाऱ्या कोळणीला यातला प्रत्येक अवयव हाताने माहीत असतो. घोळीच्या पोटातली हवेची पिशवी, म्हणजे भोत, न फाटता काढणं हे तर कसबाचं काम, कारण तिला मोठी किंमत येते. पण हे ज्ञान म्हणून वर्गात कुणी मोजत नाही. वर्गातल्या मुलाला सगळी नावं पाठ असतात, वस्तू दिसली तर ओळखता येत नाही. एकाकडे हात, दुसऱ्याकडे नावं. दोघांची गाठ घालून द्यायला फक्त एक ताट, एक कात्री आणि घरातलं एखादं मोठं माणूस पुरेसं आहे.

शाकाहारी घरांचं काय, असं कुणी विचारेल. तिथे चित्रं आहेत, संगणकावरची मॉडेल्स आहेत, आणि ती चांगली आहेत. ज्याला नको त्याच्यावर सक्ती कशाला? पण ज्या घरात आठवड्यातून दोनदा मासे येतात, तिथेही मुलांना "जा बाहेर खेळ, हात घाण होतील" म्हणून पिटाळायचं, आणि मग विज्ञानाच्या क्लासला फी भरायची, हे काही झेपत नाही बुवा.

येत्या रविवारी मासे साफ करून आणू नका. अख्खे आणा. शिकून झाल्यावर कालवण होतंच. :)