ग्रामदैवत आणि गावाचा संघ

परदेशस्थ मराठी कुटुंब ज्या इंग्रजी गावात वीस-वीस वर्षे राहते, त्या गावाला ते आपले म्हणत नाही, आणि याचा पुरावा त्या घरातील मुलांच्या अंगावरील फुटबॉलच्या जर्सीत मिळतो; ती गावाच्या संघाची नव्हे, एखाद्या मोठ्या संघाची असते. मँचेस्टरच्या उत्तरेस सुमारे आठ मैलांवरील बेरी हे गाव या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. कापडधंद्यावर वाढलेले हे गाव गिरण्या आणि माग पाहिलेल्या मराठी माणसाला वाटते तितके परके नाही: १७३३ मध्ये धावत्या धोट्याचा, म्हणजे दोरी ओढताच मागाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावणाऱ्या धोट्याचा, शोध लावणारा जॉन के बेरीजवळच जन्मला.

या गावाचा संघ, बेरी एफसी, १८८५ मध्ये स्थापन झाला आणि तेव्हापासून गिग लेन हे त्याचे मैदान आहे. एफए कप, म्हणजे लहानमोठ्या संघांना खुली असलेली बाद पद्धतीची स्पर्धा, या संघाने १९०० आणि १९०३ मध्ये जिंकली; दुसऱ्या खेपेस अंतिम सामन्यात डर्बी काउंटीवर त्याने ६-० असा विजय मिळवला. १८९४ पासून हा संघ फुटबॉल लीगचा, म्हणजे व्यावसायिक संघांच्या श्रेणीबद्ध साखळीचा, सदस्य होता. डिसेंबर २०१८ मध्ये तो अवघ्या एका पौंडाला विकला गेला, खेळाडूंचे पगार थकले, तरीही त्या संघाने २०१९ च्या वसंतात तिसऱ्या श्रेणीत बढती मिळवली. मात्र आर्थिक तजवीज सिद्ध न झाल्याने २७ ऑगस्ट २०१९ रोजी, १२५ वर्षांच्या सदस्यत्वानंतर, त्याला लीगमधून काढून टाकण्यात आले. खरेदीदार येईल या आशेवर त्या दिवशीही गावकरी हातात झाडू घेऊन मैदान साफ करत होते.

येथील मराठी मंडळाच्या एका स्नेहसंमेलनात हा विषय निघाला असता प्रस्तुत लेखकाच्या मुलीने, ‘ते आपलं गाव नाही, तिथे आपण फक्त राहतो,’ असे उत्तर दिले, आणि भोवतालच्या मोठ्यांनी त्याला संमतीची मान डोलावली. दोष त्या मुलीचा नाही. ज्या घरात कोकणातील ग्रामदैवताच्या जत्रेची वर्गणी दरवर्षी न चुकता पाठवली जाते, पालखी कोणत्या वाडीत कधी येणार याची चौकशी फोनवरून होते, पण शेजारच्या मैदानावर शनिवारी तीन वाजता कोणाचा सामना आहे हे ठाऊक नसते, त्या घरातील मूल दुसरे काय शिकणार? शिर्डीला जाऊन आलेला माणूस गावच्या देवीला नारळ द्यायचे सोडत नाही. मोठे तीर्थक्षेत्र आणि ग्रामदैवत यांच्यात तो कधी तुलनाच करत नाही. प्रीमियर लीगमधील, म्हणजे सर्वोच्च श्रेणीतील, मोठे संघ ही तीर्थक्षेत्रे आहेत, तर गावाचा संघ हे ग्रामदैवत आहे, आणि त्याची पालखी गावानेच खांद्यावर घ्यायची असते.

बेरीकरांनी ती घेतली. समर्थकांच्या संस्थेने २०२२ मध्ये सरकारी निधीची जोड घेऊन गिग लेन विकत घेतले, समर्थकांचे दुभंगलेले दोन गट २०२३ मध्ये एकत्र आले आणि नवव्या श्रेणीत का होईना, बेरी एफसी स्वतःच्या मैदानावर पुन्हा खेळू लागला. क्लबांच्या कारभारावर देखरेख ठेवणारा स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा २०२५ मध्ये झाला, त्यामागेही बेरीच्या दुःखाचा वाटा होता. राहत्या गावाशी नाते जोडायचे तर त्याच्या सुखात नव्हे, अशा पडत्या काळात जोडावे. मराठी माणसाने हे ओळखलेच पाहिजे आणि मुलांनाही शिकवले पाहिजे.

आठवडाभर राबून शनिवारी वाणसामान आणि मुलांचे वर्ग सांभाळणाऱ्या पालकांना हा उपदेश जड वाटला असेल, तर त्याबद्दल मनापासून क्षमा मागणे उचित ठरेल. घराची ओढ प्रस्तुत लेखकालाही तितकीच आहे. मात्र ज्या देव्हाऱ्यात जत्रेच्या वर्गणीची पावती जपून ठेवली जाते, तिथे गिग लेनच्या एका तिकिटालाही जागा मिळावी, एवढी विनंती आहे.