मूलनिष्ठेचा निकष आणि विनोदी विज्ञानपट

डग्लस ॲडम्सच्या ‘हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’वरील २००५ च्या चित्रपटाबाबत समीक्षकांत मतभेद झाले. मुळातला शब्दनिष्ठ विनोद पातळ झाला, हा एक प्रमुख आक्षेप. तो निराधार नाही. निवेदकाच्या तिरकस वाक्यातून उमटणारे हास्य दृश्यात सहसा विरते. मात्र ‘मूळ’ म्हणजे नेमके कोणते? १९७८ ची नभोनाट्यमालिका, १९७९ ची कादंबरी आणि १९८१ ची दूरचित्रवाणी मालिका यांत कथानक बदलतच गेले. चित्रपटातील हुमा कवुला हे नवे पात्रही खुद्द ॲडम्सचेच! ‘ती फुलराणी’ (१९७५) वाचताना पु. ल. देशपांडे यांनी बोलीभेदातला विनोद मराठीत कसा नव्याने उभारला, हेच पाहिले जाते. शॉच्या ‘पिग्मॅलियन’शी ओळीओळीने ताळा कोणी मांडत नाही. विज्ञानपटालाच ही सवलत का नाकारावी?