अँटीबॉडीचा आकडा मोठा, म्हणजे धोका टळला?

दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, शिरूर असो की दौंड, फोनवर पहिला प्रश्न असायचा, ‘स्कोअर किती आला?’ म्हणजे एचआरसीटीचा. लाट ओसरली आणि त्याची जागा अँटीबॉडीच्या आकड्याने घेतली. दौंड तालुक्यातल्या माझ्या मामांनी तर तो रिपोर्ट लॅमिनेट करून घेतला. ‘माझ्यात भरपूर आहेत, लस कशाला?’ म्हणत दिवाळीपर्यंत केंद्राकडे फिरकले नाहीत. मामा नऊ दिवस ऑक्सिजनवर होते. मामींचा ताप दोन दिवसांत उतरला होता आणि त्यांचा आकडा मामांपेक्षा बराच कमी होता.

हे उलटे वाटते, पण नवल नाही. आजार जितका तीव्र, तितक्या अँटीबॉडी अनेकदा जास्त आढळतात, हे जगभर दिसले आहे. मोठा आकडा लढाई किती लांबली हेही सांगत असतो.

मग मामींना कोणी वाचवले?

नक्की सांगता येणार नाही, पण संशयाची सुई टी पेशींकडे जाते. अँटीबॉडी विषाणूला पेशीबाहेर पकडते. तो आत शिरला की तिचा हात पोहोचत नाही. बाधित पेशी विषाणूचे तुकडे स्वतःच्या पृष्ठभागावर मांडते. ते ओळखून मारक टी पेशी ती पेशीच नष्ट करते. ही ओळख कशी पटते, या शोधासाठी पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांना १९९६ चे नोबेल मिळाले. मदतनीस टी पेशी बाकीच्या फौजेला कामाला लावतात.

सगळा खेळ वेळेचा आहे. कॅलिफोर्नियातील ला होया इन्स्टिट्यूटच्या संशोधकांना २०२० मध्ये दिसले, की ज्यांच्यात दोन्ही प्रकारच्या टी पेशी आणि अँटीबॉडी मिळून काम करत होत्या, त्यांचा आजार सौम्य राहिला. पासष्टीपुढच्या रुग्णांत हा ताळमेळ अनेकदा बिघडलेला होता. टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात. ती वयानुसार आक्रसते, त्यामुळे नव्या शत्रूसाठी कोऱ्या पेशी कमी उरतात. त्या उशिरा जाग्या झाल्या की तोवर विषाणू वाढलेला असतो, दाह भडकतो आणि फुप्फुस सापडते. म्हणून ‘इम्युनिटी बूस्टर’ या शब्दाचा मला राग येतो. इथे नुसती ताकद वाढवून काय होणार?

स्टेरॉइडचेही तेच. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत जून २०२० मध्ये दिसले, की डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा दिसला नाही. हे औषध दाह दाबते, पण टी पेशींनाही दाबते. तरीही ते अनेकांना तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच दिले गेले. मधुमेह आणि स्टेरॉइड एकत्र आले तिथे पुढे काळ्या बुरशीचे रुग्ण निघाले.

टी पेशी मोजायला ताज्या, जिवंत पेशी लागतात. तालुक्याच्या लॅबचे ते काम नाही. अँटीबॉडी मोजणे सोपे, म्हणून तीच विकली गेली. आम्ही इंजिनिअरही जे मोजता येते तेच मोजतो आणि त्यालाच यंत्राची तब्येत समजतो. साध्या सीबीसीत लिम्फोसाइटची ओळ असते. गंभीर रुग्णांत हा आकडा, आणि त्यातही टी पेशी, घसरलेला आढळतो. निदान तेवढे नातेवाइकांना समजावून सांगायला हवे होते. अँटीबॉडीच्या रिपोर्टवरही ‘यावरून लस टाळू नये’ ही ओळ ठळक छापायला हवी होती.

लसही टी पेशींना तालीम देते. ओमायक्रॉनने २०२२ च्या जानेवारीत अँटीबॉडींना बऱ्यापैकी चकवले, पण टी पेशींना विषाणूचे बहुतेक तुकडे ओळखता येत होते. लस घेतलेल्यांत आजार सौम्य राहण्यामागचे हे एक मोठे कारण मानले जाते. सिंगापूरमध्ये तर २००३ च्या सार्स रुग्णांत १७ वर्षांनीही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी सापडल्या.

मामांनी शेवटी दोन्ही डोस घेतले. लॅमिनेट केलेला रिपोर्ट अजून सातबाऱ्याच्या फायलीतच आहे.