असीरगडावर कंपूच्या शिपायाचीही नोंद करा

प्रति,
महासंचालक,
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, नवी दिल्ली

महोदय,

हे पत्र बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या शाहपुरातून लिहीत आहे. आमचे गाव मध्य प्रदेशात असले, तरी इथल्या कितीतरी घरांत मराठी बोलली जाते. इच्छापूर ओलांडले की महाराष्ट्र लागतो. दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या फौजा शतकानुशतके तापीचा हा पट्टा तुडवत गेल्या, आणि त्या वाटेवर नजर ठेवून उभा असलेला असीरगड आज आपल्या संरक्षणाखाली आहे. म्हणून आपल्याला लिहितो आहे.

गडावर येणारा माणूस अश्वत्थाम्याची कथा ऐकतो, फारुकींचे नाव ऐकतो, १६०१ साली अकबराने गड घेतला हे ऐकून उतरतो. त्या कथा राहाव्यातच. पण याच गडाच्या परिसरात शिंद्यांच्या कवायती पायदळाची दक्षिणेतली अखेर झाली. त्या पायदळातल्या शिपायाची नोंद इथे ठळकपणे व्हावी, अशी माझी मागणी आहे.

१७६० साली उदगीरला निजामाचा पराभव झाला आणि तहात असीरगड व बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी त्याच सुमारास सदाशिवराव भाऊसाहेबांकडे आला. पुढच्या वर्षी १४ जानेवारीला पानिपतावर त्याच्या पलटणींनी समोरच्या रोहिल्यांची फळी मोडली होती. शेवटी इब्राहिमखान पकडला गेला आणि मारला गेला. तरीही गारदी म्हटले की मराठी माणसाला आठवतो तो १७७३ मध्ये गारद्यांनी केलेला नारायणराव पेशव्यांचा खून. पानिपतावर पाय रोवून उभे राहिलेले हजारो गारदी एका दुपारच्या काळिम्याखाली झाकले गेले. हा मला अन्याय वाटतो.

पानिपतातून जखमी होऊन निसटलेल्या महादजी शिंद्यांनी मात्र त्या पायदळाचा धडा लक्षात ठेवला. १७८४ साली त्यांनी सव्हॉयच्या द ब्वान्य याला चाकरीत घेतले आणि कवायती पलटणींचे कंपू उभे राहिले. तोड्याच्या बंदुकीला पेटती वात सांभाळावी लागे, पाऊस आला की ती निकामी. चकमकीच्या बंदुकीने सरावलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढू शकत असे. मात्र शंभर पावलांपलीकडे नेम फारसा भरवशाचा नसे, म्हणून सगळ्या रांगेने हुकमावर एकदम बार काढायचा, घोडदळ अंगावर आले तरी रांग मोडायची नाही, आणि शेवटी संगीन. ही शिस्त अंगी बाणायला महिनोन्महिने कवायत लागते, आणि कवायतीला वेळेवर पगार लागतो. द ब्वान्यने हे ओळखले होते. फौजेच्या खर्चासाठी महादजींनी दुआबातला मुलूख लावून दिला. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा आणि बंदुका तयार होत. १७९० साली पाटण आणि मेडता या लढाया याच पायदळाने जिंकल्या.

मग आले १८०३ आणि इंग्रजांशी युद्ध. २३ सप्टेंबरला असईला शिंद्यांच्या चाकरीतल्या पोलमनच्या हाताखाली सुमारे दहा हजार कवायती शिपाई आणि शंभराच्या आसपास तोफा होत्या. महादजींचे वारस दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांचे घोडदळ प्रचंड, पण निर्णायक घडीला ते उपयोगी पडले नाही. गोलंदाज मात्र तोफांजवळून हलले नाहीत. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे सरकताच त्यांनी त्याच तोफा मागून डागल्या. इंग्रजांकडचे पंधराशेहून अधिक लोक मारले गेले किंवा जखमी झाले. पुढे वॉटर्लू जिंकलेला इंग्रज सेनापती वेलस्ली असईचीच लढाई आपली सर्वांत सरस कामगिरी मानत असे.

तिथून उरलेल्या पलटणी आमच्या मुलखात आल्या. १६ ऑक्टोबरला इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने बऱ्हाणपूर घेतले, २१ तारखेला असीरगड. शिंद्यांच्या चाकरीतले काही युरोपीय अधिकारी तेव्हाच त्याच्या स्वाधीन झाले. शिंद्यांना सोडून येणाऱ्या अधिकाऱ्यांची सोय लावण्याचे कंपनी सरकारने आधीच जाहीर केले होते. अवध-रोहिलखंडातून आलेल्या साध्या पुरभय्या शिपायाला कंपूबाहेर असा कोणता आसरा होता? माझे मत स्पष्ट आहे: शौर्य किंवा दारूगोळा कमी पडला म्हणून हे पायदळ बुडाले नाही. त्याची कमान भाड्याच्या हातांत होती आणि ऐन वेळी ते हात सुटले.

सुर्जी-अंजनगावच्या तहाने गड शिंद्यांना परत मिळाला. १८१९ साली नागपूरचे आप्पासाहेब भोसले त्याच्या आश्रयाला आले, तेव्हा किल्लेदार जसवंतराव लाड यांनी इंग्रज सेनानी डव्हटन आणि माल्कम यांच्या तोफखान्याला तोंड देत किल्ला लढवला. ९ एप्रिलला गड पडला. इंग्रजांना शरण जा असे वरकरणी कळवणाऱ्या दौलतरावांचा दुटप्पीपणा दाखवणारी चिठ्ठी नंतर किल्लेदाराच्या कागदांत सापडली, आणि इंग्रजांनी गड कायमचा ठेवून घेतला.

आजही मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर असईचा हत्ती आहे. असईला इंग्रजांच्या बाजूने लढलेले मद्रासी शिपाई आपलेच होते, त्यांच्याविषयी माझ्या मनात आकस नाही. स्वतंत्र भारताच्या सैन्याने असईचा विजय साजरा न करण्याचे ठरवले, तेही योग्यच झाले. पण समोरच्या रांगेतल्या शिपायासाठी कुठे काय आहे?

असीरगडाच्या पायथ्याशी आणि वर, हिंदीबरोबर मराठीतही, १७६० ते १८१९ या काळाचे फलक लावा. कंपू कसा उभा राहिला, त्याची बंदूक कशी चाले, पगार कुठून येई, पुरभय्ये, रोहिले, अरब, मराठे एका रांगेत कसे उभे राहिले, हे त्यांवर लिहा. १८०३ आणि १८१९ च्या वेढ्यांतल्या माऱ्याच्या जागा नकाशावर दाखवा. पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या मोडी कागदांतून या फौजेच्या शिपायांची जी नावे हाती लागतील, ती मराठी अभ्यासकांच्या मदतीने गोळा करून गडावर कोरा.

या कामासाठी जागा दाखवायला, जुन्या वाटा सांगायला या भागातले लोक आनंदाने पुढे येतील. आपण एकदा माणूस पाठवा.

आपला,
शाहपुरातला एक मराठी रहिवासी