रांगेत उभे राहा



फराळाच्या ऑर्डरी, नाटकाच्या तालमी, हॉलचं आरक्षण एवढं सगळं डोक्यावर असताना आपल्या मराठी मंडळाने ऐन ऑक्टोबरात ब्युएना पार्कच्या नॉट्स बेरी फार्म या करमणूक उद्यानाची सहल कशाला काढली, अशी विचारणा काही सभासदांनी केली. ‘आपली सर्वपित्री आत्ताच उरकली, आता यांची हॅलोविनची भुतं कशाला?’ असा खडा सवालही आला. उत्तर द्यायचं काम कार्यकारिणीने नेहमीप्रमाणे संपादकांच्या गळ्यात घातलं.

पहिलं कारण साधं आहे. उन्हाळ्यात आलेले आई-बाबा ऑक्टोबरात बहुतेक घरी अजून असतात. कॉस्टको पाहून झालेलं, ग्रँड कॅन्यनचे फोटो गावाकडच्या ग्रुपवर टाकून झालेले, आता परतीच्या बॅगेचं वजन करणं तेवढं राहिलेलं. नातवंडं हॅलोविनच्या सोंगांत गुंग आणि आजी-आजोबा खिडकीशी. तिन्ही पिढ्यांना एका दिवशी एका जागी नेता येईल अशी ठिकाणं या दिवसांत शोधून पाहा, फारशी सापडणार नाहीत.

दुसरं कारण त्या जागेच्या जन्मकथेत आहे. माझं माहेर निलंग्याचं, शेतकऱ्याचं. म्हणून असेल, मला ती फार आवडते. वॉल्टर नॉट हा मुळात शेतकरी. मोहावे वाळवंटात सरकारी योजनेतून 160 एकर घेऊन तो सपशेल फसला. 1920 साली ब्युएना पार्कमध्ये भाड्याच्या 20 एकरांवर त्याने बेरी लावल्या आणि रस्त्याकडेला टपरी टाकून विकल्या. रुडॉल्फ बॉयसनने सोडून दिलेल्या, वाळत चाललेल्या वेली त्याने जगवल्या. आज आपण जॅममध्ये खातो ती बॉयसनबेरी तीच. मंदीत भाव पडले तेव्हा घर सावरलं बायकोने. जून 1934 मध्ये कॉर्डेलियाने लग्नात मिळालेल्या चिनी मातीच्या ताटांत आठ गिऱ्हाइकांना कोंबडीचं जेवण वाढलं, ताटाला 65 सेंट. पुढे जेवायला इतकी झुंबड उडाली की माणसं तासन् तास ताटकळायची. त्यांनी कंटाळून परत जाऊ नये म्हणून वॉल्टरने 1940 पासून शेजारी जुन्या खाणकामगारांचं ओसाड गाव उभं करायला घेतलं. हॅलोविनची भुतं तिथे शिरली ती 1973 साली, पहिल्यांदा तीनच रात्री. आता सप्टेंबरातच सुरू होतात. थोडक्यात, हे अख्खं उद्यान रांगेतल्या माणसांसाठी जन्माला आलं.

आता व्यवहाराचं. दिवसा आणि रात्री तिथे दोन वेगळी जगं असतात, याची गल्लत करू नका. दिवसा लहान मुलं सोंगं घेऊन गोळ्या-चॉकलेटं गोळा करत फिरतात, भुतंही हसतमुख असतात. संध्याकाळी उद्यान रिकामं करून वेगळ्या तिकिटावर पुन्हा उघडतात आणि धुक्यात काही खरं नसतं. गुडघ्यांना धातूचे पत्रे बांधलेले राक्षस ठिणग्या उडवत जमिनीवरून थेट तुमच्या पायाशी घसरत येतात. अंगाला हात लावायचा नाही हा नियम ते पाळतात, पण काळजाचं काय? तेरा वर्षांखालच्यांना ती रात्र नको, असं उद्यानवालेच सांगतात. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांनाही नको, असं मी सांगते. कॉलेजातली पोरं आपली आपण जातील. मंडळाची सहल दिवसाची आहे.

मागे माझ्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, आणि आईला घेऊन आम्ही गेलो होतो. त्या ओसाड गावात एक खराखुरा लोहार बसतो, घोड्याच्या नालांवर नावं ठोकून देतो. अप्पांचे पाय तिथे जे खिळले ते हलेनात. भट्टी बघितली, ऐरण बघितली आणि नातीला म्हणाले, “ह्याला इचार, फाळ पाजळता येतोय का?” तिने तिच्या परीने विचारलं. तिच्या इंग्रजीत फाळाचं काय झालं देव जाणे, लोहाराने हातोडा उलटा करून दांडा अप्पांपुढे धरला. त्यांनी तो हातात तोलून पाहिला, मान डोलावली. वेताळासारखा रंगवलेला एक पोरगा शेजारी येऊन गुरगुरत उभा राहिला, तर अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, “ह्यांना पगार किती देतेत?”

मग लाकडी ओंडक्यातून पाण्यात घसरणाऱ्या राइडची रांग. लांबच लांब. जादा पैसे भरून पुढे जायची सोय असते, आणि आपल्यातले पुष्कळ जण ती घेतातही. मी म्हणते, घेऊ नका. का ते सांगते. आम्ही गेलो त्या आठवड्यात लेकीच्या शाळेत भूकंपाची कवायत झाली होती. कॅलिफोर्नियात ती ऑक्टोबरातच असते. टेबलाखाली कसं शिरायचं, डोकं कसं झाकायचं ते ती रांगेत आजीला शिकवत होती. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, आमच्याकडे टेबल नव्हतं. मग तिच्या बोलण्यात 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. गणपती बोळवून लोक झोपले होते, चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. किल्लारी, सास्तूरकडे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं, हजारो माणसं गेली. निलंग्यात आमच्या भिंतीला तडा गेला तेवढाच, पण कित्येक रात्री आम्ही पावसात अंगणात काढल्या आणि आई जागी बसायची. यातलं निम्मं मलाही ठाऊक नव्हतं. जागी बसून ती विहिरीच्या पाण्याचा आवाज ऐकायची, हे तर नव्हतंच. लेक मध्येच विचारायची, “मग?” रांग पुढे सरकायची, कवटीचा मुखवटा घातलेला कुणीतरी जवळून जायचा, आणि दोघींपैकी एकीचंही त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

पाच मिनिटांत राइडवर पोचलो असतो तर हे कधी निघालं असतं?

यंदा अप्पा आलेले नाहीत. सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत मांजरा-तेरणाकाठची शेतं पाण्याखाली गेली, सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले, अशा वेळी घर सोडवत नाही म्हणाले. मराठवाड्यातल्या आपल्या बऱ्याच सभासदांच्या घरी हीच गत आहे. सहलीत एखाद्या काका-काकूंचा फोन सारखा कानाला दिसला, तर ‘इथे आलात तर मजा करा ना’ असं कृपा करून म्हणू नका. आभाळ कसं आहे, रास झाली का, एवढं विचारा.

सहल कोजागरीनंतरच्या शनिवारी, सकाळी. मोठ्यांनी मुखवटे घालून येऊ नये. लहानांची सोंगं चालतील. ज्यांना व्हीलचेअर लागेल त्यांनी आधी कळवावं, आणि गाडीत जागा रिकामी असलेल्यांनीही. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे डबे गाडीतच राहतील आणि दुपारी बाहेर येऊन डिकीशी पंगत बसेल. गाड्यावर मिळतो तसला झणझणीत निलंगा राईस माझ्याकडे लागला. शेंगदाण्याची चटणी मात्र कुणीतरी आणा. माझी मिरचीच्या हिशेबात नेहमी हुकते, असं घरच्यांचं मत आहे.

— संपादक